आधी पद ठरवा, मग ‘टॅलेंट’

मा. संपादक,

मार्च संपला की कंपन्यांमध्ये अप्रेझलची धांदल उडते आणि ‘टॅलेंट रिव्ह्यू’च्या बैठकीत माणसे नऊ चौकोनांच्या तक्त्यात बसवली जातात. एका बाजूला कामगिरी, दुसऱ्या बाजूला ‘पोटेन्शियल’, म्हणजे पुढे मोठी जबाबदारी पेलण्याची क्षमता. हा तक्ता मुळात माणसांसाठी नव्हताच. कोणत्या धंद्यात पैसा घालायचा हे ठरवता यावे म्हणून १९७०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या मदतीने तशी मांडणी वापरली गेली.

कामगिरीला निदान आकड्यांचा आधार असतो. पोटेन्शियलचा रकाना मात्र साहेबांच्या अंदाजाने भरतो. बैठकीत सफाईने बोलणारा वर जातो. मशीनच्या आवाजावरून बेअरिंग गेल्याचे ओळखणारा फिटर मधल्या चौकोनात पडून राहतो.

त्यावर बेल कर्व्हची सक्ती: थोडे वर, बरेच मधे आणि ठरावीक टक्के तळाला बसवायचेच. आठ जणांच्या टीममध्ये तळाचे दहा टक्के म्हणजे ०.८ माणूस! मग नुकता बदलून आलेला किंवा बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली, यांच्यावर गदा येते. निवड करून घेतलेल्या आठ जणांवर हा आलेख लादणे संख्याशास्त्रातही बसत नाही. शिवाय शेजाऱ्याला शिकवले तर आपलाच नंबर खाली जाणार, हे कळल्यावर कोण कुणाला शिकवील? मायक्रोसॉफ्टने अशी क्रमवारी २०१३मध्येच बंद केली.

सुरुवात पदापासून करायला हवी. प्रत्येक विभागात एकच प्रश्न विचारावा: हा माणूस महिनाभर आला नाही तर काय अडेल? उत्तरात मोठे हुद्दे क्वचितच येतात. टूलरूम (साचे-हत्यारांचा विभाग), मेंटेनन्स, पेरोल येतात. या कामांचा स्किल मॅट्रिक्स अनेक कारखान्यांत भिंतीवर असतोच: ओळीत नावे, रकान्यात कामे आणि चार भागांचे वर्तुळ. एक भाग भरला म्हणजे शिकतो आहे, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकट्याने करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. कळीच्या प्रत्येक कामाला किमान दोघे तिसऱ्या पातळीवर आणि एक जण चौथ्या पातळीवर हवा.

पण ही वर्तुळे बहुधा ऑडिटच्या आदल्या दिवशी काळी होतात, आणि तिथेच सगळे फसते. डाय (साचा) बदलून पहिला नग मापात काढून दाखवल्याशिवाय तिसरा भाग भरू नये. खाली तारीख आणि तपासणाऱ्याची सही असावी. सहा महिने ते काम हातून झाले नसेल तर पुन्हा तपासावे.

बढतीतही हाच घोळ आहे. उत्तम फिटरला सुपरवायझर केले की हातचा फिटर जातो आणि सुपरवायझर चांगला मिळेलच असे नाही. तांत्रिक बढतीची शिडी वेगळी ठेवावी आणि तिचा पगार सुपरवायझरच्या बरोबरीचा असावा. नुसते ‘सीनियर’ लावून कुणी थांबत नाही, शेजारच्या कंपनीत जातो. आणि ज्याला ‘हाय पोटेन्शियल’ ठरवले, त्याला ते कोणत्या पदासाठी, किती महिन्यांत आणि त्याआधी काय शिकायचे, हे लेखी द्यावे.

— मनुष्यबळ क्षेत्रातील एक वाचक, चिंचवड