सही एकदा, प्रक्षेपण कितीदा?

मा. संपादक,
स. न.

माणसांच्या खासगी आयुष्यावर आणि त्यातून दिसणाऱ्या सामाजिक प्रश्नांवर दूरचित्रवाणीसाठी जे माहितीपट होतात, त्यांच्याबद्दलचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख तळमळीने लिहिलेला आहे. असे माहितीपट अधिक व्हावेत, चांगल्या वेळेला दाखवले जावेत, हे लेखकाचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मात्र त्यांनी पुढे असेही म्हटले आहे की, या प्रकारात काही रचलेले नसते, कॅमेरा फक्त पाहत असतो. मी बावीस वर्षे माहितीपटांची संकलक म्हणून काम केले. त्या वाक्यापाशी मी अडले, म्हणून हे पत्र.

कॅमेरा पाहतो हे खरे, पण काय ठेवायचे ते संकलनाच्या टेबलावर ठरते. अमेरिकेत 1973 साली सार्वजनिक वाहिनीवर 'ॲन अमेरिकन फॅमिली' ही मालिका दाखवली गेली. एका कुटुंबात कित्येक महिने कॅमेरा वावरला, सुमारे 300 तासांचे चित्रीकरण झाले आणि प्रेक्षकांना दिसले 12 भाग, म्हणजे जेमतेम 12 तास. पत्नीने नवऱ्याला घटस्फोट मागितला, तो क्षणही त्यात होता. प्रक्षेपणानंतर त्या कुटुंबाने तक्रार केली की, आमच्यातले हसणे-खिदळणे गाळून फक्त भांडणे ठेवली. निर्मात्याची बाजू वेगळी होती. कोणाचे बरोबर, ते इतक्या वर्षांनी मी सांगू शकत नाही. पण 25 तासांतून एक तास निवडताना काय काय होते, ते मी सांगू शकते.

मुलाखत घेणाऱ्याचा प्रश्न कापला की उत्तर आपणहून दिल्यासारखे वाटते. दोन वेगळ्या दिवशी बोललेली वाक्ये शेजारी आणायची असतील, तर मधे हातांचा किंवा खिडकीचा शॉट टाकायचा, सांधा दिसत नाही. उत्तराआधीची दोन सेकंदांची शांतता पाच सेकंदांची करता येते, आणि मग तोच माणूस काही लपवतो आहे असे वाटू लागते. खाली संथ वाद्यसंगीत दिले की साध्या थकव्याचे दुःख होते. यातली एकही गोष्ट खोटी नाही. प्रत्येक शब्द त्या माणसाचाच असतो. त्याचे आयुष्य मात्र आपण मांडलेले असते. त्याने होकार दिलेला असतो तो बोलण्याला. ही मांडणी त्याने पाहिलेलीच नसते.

माझ्याकडे आलेल्या एका माहितीपटाचा विषय होता व्यसनी माणसांची कुटुंबे. एक बाई बोलायला तयार झाल्या होत्या. दुसऱ्या कोणी तरी वेळेवर मदत मागावी, एवढीच त्यांची इच्छा होती. मुलाखत चांगली झाली. 'झालं' म्हणून सगळे उठले. कॅमेरा तिपाईवर चालूच राहिला होता आणि माइक त्यांच्या पदराला लावलेलाच होता. पाण्याचा पेला घेऊन आलेल्या साहाय्यक मुलीला त्या हळूच म्हणाल्या की, आता मुलगाही हात उचलू लागला आहे. तो तेव्हा पंधरा वर्षांचा होता.

रशेस, म्हणजे न कापलेले मूळ चित्रीकरण, पाहताना ते वाक्य मला सापडले आणि माझ्या अंगावर काटा आला. दीड तासाच्या मुलाखतीत नव्हते ते त्या चाळीस सेकंदांत होते. मी ते माहितीपटाच्या शेवटी लावले. सगळ्यांनी कौतुक केले. 'मुलाखत चालू असताना बोललेले नाही, घ्यायचे का?' असे त्या खोलीत कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. संमतिपत्रावर सही होती, त्यात 'संपूर्ण चित्रीकरण' असे शब्द होते, आणि आम्हाला तेवढे पुरेसे वाटले.

प्रक्षेपणानंतर त्यांचा फोन आला. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "तुम्ही वाईट दाखवलं नाही हो मला. पण ते मी त्या मुलीला सांगत होते. सगळ्यांना नव्हते सांगत."

पुढे सात वर्षांनी तो माहितीपट पुन्हा दाखवला गेला. या वेळी त्याचे तुकडे करून इंटरनेटवरही टाकले गेले, आणि सर्वांत जास्त पाहिला गेला तो त्या चाळीस सेकंदांचा तुकडा. मुलगा तोवर कामाला लागला होता, सुधारला होता, आईला सांभाळत होता. त्याच्या सोबत काम करणाऱ्यांनी तो तुकडा त्यालाच पाठवला. बाईंनी तो काढून टाकण्याची विनंती केली. त्यांना उत्तर मिळाले की, पत्रात 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' असे लिहिलेले आहे. लिहिलेले होतेच. सही करताना असे तुकडे होतील आणि ते खिशातल्या फोनवर येतील, हे त्यांनाच काय, आम्हालाही सुचले नव्हते.

चेहरा धूसर करून हा प्रश्न सुटेल असे अनेकांना वाटते. धूसर चेहऱ्यामुळे अनोळखी माणूस ओळखत नाही, एवढेच. ज्यांच्यापासून लपायचे असते ती माणसे आवाजावरून, बसण्याच्या ढबीवरून, मागच्या भिंतीच्या रंगावरून क्षणात ओळखतात.

मला हवे आहे ते एवढेच: ज्याचे खासगी आयुष्य दाखवायचे आहे, त्याला माहितीपट पूर्ण झाल्यावर आणि प्रक्षेपणाच्या आधी तो दाखवावा. त्याच्या भरवशाच्या एखाद्या माणसासोबत, घाई न करता. स्वतःच्या घरातले काय बाहेर जाऊ नये, हे सांगण्याचा हक्क त्याला असावा आणि ते पाळले जावे. पुनःप्रक्षेपणाच्या वेळी, आणि तुकडे करून दुसरीकडे टाकताना, पुन्हा विचारावे. लहान मुलांच्या बाबतीत तर ती सज्ञान झाल्यावर त्यांनाच विचारावे, कारण त्यांच्या वतीने सही दुसऱ्याने केलेली असते.

असे केले तर माहितीपटातला जीव जाईल, लोक सगळेच काढायला सांगतील, अशी भीती मी निर्मात्यांकडून शेकडो वेळा ऐकली आहे. त्या फोननंतर मी माझ्या परीने लोकांना आधी दाखवू लागले. जिथे दिग्दर्शक तयार होता तिथे उघडपणे, नसेल तिथे भांडून. माझा अनुभव उलटा आहे. एका गृहस्थांनी कर्जापायी आत्महत्येचा विचार केल्याचे कॅमेऱ्यासमोर सांगितले होते. ते काढायला सांगतील म्हणून आम्ही धास्तावलो होतो. त्यांनी पूर्ण माहितीपट शांतपणे पाहिला आणि मागच्या खाटेवर पडलेले चुरगळलेले कपडे दिसतात तेवढा शॉट बदलायला सांगितला. दुसऱ्या एका बाईंनी बहिणीचे नाव गाळायला लावले, बाकी सगळे राहू दिले. शिवाय त्यांनी एक चूक दाखवली. आम्ही दोन प्रसंगांचा क्रम उलटा लावला होता आणि त्यामुळे त्यांच्या सासऱ्यांवर नसलेला दोष येत होता. ती चूक आम्हाला कधीच कळली नसती.

सामाजिक विषयावरच्या माहितीपटात तर ही चूक फार महागात पडू शकते. खेड्यापाड्यांतल्या स्त्री पत्रकारांच्या 'खबर लहरिया' या संस्थेवरचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट 2022 मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. सोहळ्याच्या काही दिवस आधी त्या संस्थेनेच निवेदन काढून सांगितले की, त्यात आमच्या कामाचे चित्र अपुरे आले आहे. दिग्दर्शकांचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. पण ज्यांच्यावर माहितीपट आहे त्यांना असे निवेदन काढावे लागले, हे मला अस्वस्थ करते.

या मागणीवरचा एक आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. संमतीची ढाल ताकदवान माणसेही पुढे करतात. अमेरिकी दिग्दर्शक फ्रेडरिक वाइजमन यांचा 1967 चा 'टिटिकट फॉलीज' हा माहितीपट मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रिजवॉटर येथील मनोरुग्ण गुन्हेगारांच्या संस्थेवर होता. आतली वागणूक अंगावर येणारी होती. रुग्णांच्या खासगीपणाचे कारण पुढे करून तिथल्या सरकारने न्यायालयात धाव घेतली आणि सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी तो 1991 पर्यंत बंद राहिला. खासगीपणा रुग्णांचा, पण झाकली गेली ती संस्थेची अब्रू. म्हणून मी स्पष्ट लिहिते: पदावर बसून दुसऱ्याचे आयुष्य हातात ठेवणाऱ्याला असा नकाराधिकार नको. अधिकाऱ्याला, संस्थाचालकाला, पैसा किंवा सत्ता राखून असलेल्याला त्याच्या कारभाराबद्दल विचारायला कोणाची परवानगी लागू नये. हक्क हवा तो स्वतःचे दुःख उघड करणाऱ्याला. ही रेघ ओढणे प्रत्येक वेळी सोपे नसते, पण संकलक रोज याहून अवघड रेघा ओढत असतो.

दीर्घकाळ माणसांसोबत राहूनही हे जमते, याचे उदाहरण आहे. ब्रिटनमध्ये ग्रॅनाडा टेलिव्हिजनने 1964 मध्ये सात वर्षांच्या 14 मुलांना घेऊन 'सेव्हन अप' केला आणि पुढे दर सात वर्षांनी त्यांच्याकडे कॅमेरा परत गेला, अगदी 2019 पर्यंत. दर वेळी पुन्हा होकार घ्यावा लागे. काही जण मधे बाहेर पडले. एकाने वर्तमानपत्रांतल्या टीकेमुळे भाग घेणे थांबवले आणि 28 वर्षांनी तो परत आला. परत यावेसे वाटले, याचे कारण दार दोन्ही बाजूंनी उघडे होते असे मला वाटते. दिग्दर्शक मायकेल ॲप्टेड यांनी एक चूकही उघडपणे मान्य केली होती. त्यातला एक मुलगा पुढे गुन्हेगारीकडे वळेल असे गृहीत धरून 21व्या वर्षीच्या भागात त्यांनी त्याला तशाच बदनाम जागांमधून फिरवून चित्रीकरण केले होते. मुलगा सरळमार्गी निघाला. सात वर्षांनी परत जावे लागल्यामुळेच तो अंदाज चुकल्याचे जगाला दिसले. एकदाच जाऊन येणाऱ्या आमच्यासारख्यांचे अंदाज तसेच राहून जातात.

ब्रिटनच्या प्रक्षेपण नियामकाने, ऑफकॉमने, एप्रिल 2021 पासून कार्यक्रमांत भाग घेणाऱ्यांच्या हिताची काळजी घेण्याचे नियम कडक केले. ही सुरुवात चांगली आहे. तरी नियमाची वाट न पाहता कोणतीही वाहिनी उद्यापासून हे करू शकते. पाहण्यासाठी एक दिवस आणि दुरुस्तीसाठी दोन दिवस लागतात. मी केले आहे, म्हणून सांगते.

हे माहितीपट बंद व्हावेत असे मला कधीच वाटले नाही. माझ्या वडिलांना नैराश्य होते आणि आमच्या घरात तो शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला तो रात्री उशिरा लागलेला एक माहितीपट सगळ्यांनी एकत्र पाहिल्यावर. त्यात बोलणारा माणूस कोण होता, मला आठवत नाही. पण तो बोलला म्हणून माझे वडील डॉक्टरकडे गेले. त्याला पुढे काय सोसावे लागले असेल, हा विचार अलीकडे माझ्या मनात वारंवार येतो.

आपल्या वर्तमानपत्रात अशा माहितीपटांची परीक्षणे नियमित येतात. छायाचित्रण, संगीत, विषयाची निवड यांवर त्यात लिहिलेले असते. आपल्या परीक्षकांनी दिग्दर्शकाला आणखी एक प्रश्न विचारावा आणि मिळालेले उत्तर परीक्षणात छापावे, अशी माझी विनंती आहे: ज्यांच्यावर हा माहितीपट आहे, त्यांनी तो आमच्या आधी पाहिला का?

आपली,
एक निवृत्त संकलक