पगारातून दान घ्यायचे, तर होकार लेखी हवा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

पगारातून दरमहा शंभर-दोनशे रुपये कापून ते एखाद्या सेवाभावी संस्थेला पाठवण्याच्या योजना खासगी कंपन्यांमध्ये चालतात. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात नोकरी करणारी आमच्या वस्तीतील मुले-मुली त्यांविषयी बोलतात, तेव्हा मला बरे वाटते आणि थोडी काळजीही वाटते. माझी उभी नोकरी एका सार्वजनिक उपक्रमाच्या लेखा विभागात पगारपत्रके तयार करण्यात गेली. दानाच्या हेतूविषयी मला काही म्हणायचे नाही; कपातीच्या रकान्यात दान कोणत्या वाटेने शिरते, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

कष्टाच्या पगाराला हात लावताना आपला कायदा पूर्वीपासून सावध राहिलेला आहे. पगारदारांच्या पतसंस्थेचा हप्ता पगारातून कापला जातो, तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 49 खाली, आणि त्यासाठी सभासदाने स्वतः सही करून दिलेला करार लागतो. वेतन प्रदान अधिनियम, 1936 मध्ये तर कोणत्या कपाती चालतील याची यादीच दिली होती. त्या यादीत पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या निधीला जागा होती, पण कामगाराच्या लेखी संमतीनेच. म्हणजे स्वतः घेतलेले कर्ज फेडायलाही सही लागते आणि देशाच्या निधीला द्यायलाही सही लागते. असे असताना कार्यालयाने निवडलेल्या संस्थेसाठी मात्र ‘ज्यांची हरकत असेल त्यांनी अमुक तारखेपर्यंत कळवावे, अन्यथा संमती गृहीत धरली जाईल’ असे परिपत्रक पुरेसे का मानले जाते, हे मला लेखा विभागात असतानाही उमजले नाही.

हा प्रश्न न्यायालयापर्यंतही गेलेला आहे. केरळमधील 2018 च्या महापुरानंतर तेथील राज्य सरकारने कर्मचाऱ्यांकडून एक महिन्याच्या पगाराचे आवाहन केले आणि ज्यांना द्यायचे नसेल त्यांनी तसे लिहून द्यावे, अशी अट घातली. उच्च न्यायालयाने ती नकारपत्राची अट स्थगित केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. पूरग्रस्तांना मदत नको, असे तेथे कोणीच म्हणत नव्हते. ज्याच्या घरी आजारपण आहे किंवा मुलीची फी थकली आहे, अशा माणसाने वरिष्ठांच्या हाती ‘मी देणार नाही’ असा कागद द्यावा, हे योग्य नाही, एवढाच मुद्दा होता.

कार्यालयात काम केलेल्या कोणालाही वर्गणीची यादी ठाऊक असते. पहिल्या ओळीत साहेबांचे नाव आणि पाचशे रुपये, दुसऱ्या ओळीत उपसाहेब आणि तेवढेच. त्यानंतर यादी ज्या टेबलावर जाते तेथील माणूस आधी वरचे आकडे वाचतो आणि मग आपला आकडा ठरवतो. शिपायापर्यंत यादी पोहोचते तेव्हा ती वर्गणी राहत नाही, हजेरी होते. आता कागदाच्या यादीची जागा संगणकावरील तक्त्याने घेतली आहे आणि कोणत्या विभागातील किती टक्के लोक ‘सहभागी’ झाले, हे सर्वांना ईमेलने कळवले जाते, याला मी सुधारणा म्हणणार नाही. सरकारी कार्यालयांत 7 डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या निधीसाठी इष्टांक, म्हणजे जमवायची रक्कम, ठरवून दिला जातो. सैनिकांविषयी आदर नसलेला माणूस आपल्याकडे शोधूनही सापडायचा नाही, तरी इष्टांक आला की वसुलीचा सूर लागतोच. तेव्हा कोणी किती दिले हे पगारपत्रक करणाऱ्या एक-दोन माणसांपलीकडे कोणालाही दिसू नये, विभागप्रमुखांना तर नाहीच.

करसवलतीबद्दलही या परिपत्रकांत अर्धेच सांगितले जाते. दानावरची आयकरातील वजावट (1961 च्या आयकर कायद्यातील ‘80-जी’) नव्या करप्रणालीत मिळत नाही, आणि 2023-24 पासून वेगळा पर्याय न निवडल्यास नवी प्रणालीच लागू धरली जाते. जुन्या प्रणालीत राहिलेल्यांनाही बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्म्यावरच, तेही उत्पन्नाच्या 10 टक्क्यांच्या मर्यादेत, वजावट मिळते. वर्षाला 6000 रुपये देणाऱ्याची 3000 रुपयांची वजावट होते आणि तो 20 टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर 600 रुपये आणि त्यावरचा किरकोळ उपकर वाचतो. ब्रिटनमध्ये 1987 पासून पगारातील दान कर आकारण्यापूर्वीच वजा होते. आपल्याकडे पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री मदत निधीसारखे थोडे अपवाद वगळता मालकाला अशी वजावट देता येत नाही, ती विवरणपत्र भरताना ज्याची त्याने मागायची असते. त्यासाठी संस्थेकडून ठरावीक नमुन्यातील दानाचे प्रमाणपत्र लागते आणि ते देणाऱ्याच्या पॅनवर निघते. कंपनीने सर्वांची रक्कम गोळा करून स्वतःच्या नावाने एकच धनादेश दिला, तर प्रमाणपत्र कंपनीच्या नावाने येते आणि कर्मचाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. योजना सुरू करण्यापूर्वी हे विचारायला हवे. मार्चअखेरीस विचारून उपयोग नसतो.

दुसरी गल्लत श्रेयाची. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे असतात. तो पैसा कंपनीच्या नफ्यातला. कर्मचाऱ्यांच्या पगारातून जमलेला पैसा वेगळा, आणि वार्षिक अहवालात दोन्हींची छायाचित्रे एकाच पानावर छापली तरी हिशेब दोन पानांवर हवा. कर्मचाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे आपला एक रुपया घालणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांचे कौतुकच आहे; पण तो रुपया घातला की नाही, हे वर्षाअखेर आकड्यांत कळावे.

संस्थांची यादी कोण करते, हा माझ्या दृष्टीने याहून मोठा प्रश्न आहे. येथील एका कंपनीत नोकरी करणाऱ्या शेजारच्या मुलीने मला तिच्याकडील यादी दाखवली. मुख्यालयातून आलेल्या त्या यादीत विदर्भातील एकही नाव नव्हते. ज्या शहरात 1921 मध्ये कमलाताई होस्पेट यांनी मातृ सेवा संघाचे काम उभे केले आणि जेथून आनंदवनाचे वरोरा शंभरेक किलोमीटरवर आहे, तेथील कर्मचाऱ्याला आपल्या भागातील संस्था निवडता येऊ नये, हे विचित्र आहे. लहान संस्थांची कागदपत्रे कमी पडतात, ही अडचण खरी. पण नोंदणीकृत न्यासांना दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात आणि सह धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय नागपुरातच आहे. तेथे जाऊन चौकशी करायला कर्मचाऱ्यांच्या दोघा-तिघांची समिती पुरेशी आहे. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या आवारात बाहेरगावच्या रुग्णांचे नातेवाईक कसे दिवस काढतात, हे त्या समितीला मुख्यालयाने सांगावे लागणार नाही.

नागपूरच्या नोकरदाराला द्यायला शिकवावे लागते, असा समज असेल तर त्याने धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीच्या रस्त्याने चालून यावे. बँका, रेल्वे, टपाल, विमा अशा किती तरी ठिकाणच्या कर्मचारी संघटनांचे अन्नदानाचे आणि पाण्याचे मंडप तेथे लागतात. आपापसांत वर्गणी काढून, सुट्टीच्या दिवशी स्वतः वाढायला उभे राहून ही माणसे देतात, आणि त्यासाठी कोणत्याही पगारपत्रकात रकाना उघडावा लागत नाही.

गांधी जयंतीपासून 8 ऑक्टोबरपर्यंत चालणाऱ्या दानोत्सवात अनेक कंपन्या अशा योजनांची घोषणा करतात. त्याआधी कर्मचारी संघटनांनी व्यवस्थापनाकडे साधा अर्ज मागून घ्यावा: संस्थेचे नाव आणि रक्कम कर्मचाऱ्याने स्वतः भरायची, सही करायची, आणि ती संमती 31 मार्चला आपोआप संपायची. पुन्हा द्यायचे असेल तो पुन्हा सही करील. ठेकेदारामार्फत लागलेले सफाई कामगार आणि सुरक्षारक्षक यांच्याकडे हा अर्ज नेऊच नये. किमान वेतनावर राबणाऱ्यांना ‘तुम्हीही सहभागी व्हा’ म्हणणे शोभत नाही, मग ते कितीही गोड शब्दांत म्हटलेले असो.

आपला,
एक निवृत्त लेखाधिकारी,
प्रतापनगर, नागपूर