शैलास पत्र : प्राचीच्या पिंपल्सबद्दल

शहापूर, बेळगाव

प्रिय शैला,

तुझा मेसेज औषधाच्या दुकानात काउंटरवर गर्दी असतानाच वाचला, फोन करणार होते, पण हे फोनवर घाईत सांगायचं नाही म्हणून लिहायला बसले. प्राचीला निपाणीत कुणीतरी जी ट्यूब दिली आणि आठवड्यात चेहरा कसा चकचकीत झाला म्हणून तू खूश आहेस ना, मला त्या आठवड्याचीच भीती वाटतीय बघ. पिंपल्सवरचं खरं औषध आठवड्यात गुण देत नाही गं. ट्यूबच्या मागं बारीक अक्षरांत मोमेटासोन, बीटामेथासोन नाहीतर क्लोबेटासोल असं काही लिहिलंय का ते वाच, हे स्टेरॉइड आहेत. लाली पटकन दबते, रंग उजळल्यासारखा दिसतो, आणि मग कातडी पातळ होते, गालावर लाल शिरा दिसायला लागतात, बारीक लव येते, आणि क्रीम बंद केली की दुप्पट पुरळ उठतं, म्हणून पोरी परत तीच ट्यूब मागायला येतात. आमच्याकडं येतात की, रोज येतात, शेवटपर्यंत पिळून घडी घातलेली रिकामी ट्यूब पुढं करून "हीच द्या" म्हणतात. 2018 पासून हे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असा नियम आहे, तरी विकलं जातंय, याचा मला फार राग येतो.

मुरूम कशानं येतं ते प्राचीला समजावून सांग, तिला वाटतंय तेलकट खाल्लं म्हणून आलं. या वयात हार्मोन वाढतात, त्वचेखालच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं, आणि आत कायमचे राहणारे जंतू माजतात. ते बूच बसूच देत नाही असं औषध म्हणजे रेटिनॉइड, व्हिटॅमिन ए च्याच घराण्यातलं. अमेरिकेत क्लिगमन म्हणून त्वचेचे डॉक्टर होते, त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 1969 साली यातलंच ट्रेटिनॉइन पिंपल्सवर चालतं हे दाखवलं. याच माणसानं फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात वर्षानुवर्षं कैद्यांच्या कातडीवर प्रयोग केले, त्यात बरेचसे गरीब आणि काळे, आणि शहरानं त्याची माफी मागितली ती 2022 साली. औषध चांगलंय म्हणून ते विसरायचं असं मला कधीच पटलं नाही.

आता तू स्वतःच्या सुरकुत्यांचं विचारलंस, तर गोष्ट तिथंच येते. पिंपल्ससाठी ट्रेटिनॉइन लावणाऱ्या जरा वयाच्या बायका सांगायला लागल्या की चेहरा मऊ झालाय, रेषा कमी दिसतायत. मग 1988 साली मिशिगनच्या डॉक्टरांनी 30 जणांवर 16 आठवडे तपासून बघितलं, कुणाला खरं औषध आणि कुणाला नुसती साधी क्रीम हे लावणाऱ्याला नि बघणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं, आणि फरक खरोखर दिसला. पेशंट बायकांनी आधी ओळखलं, डॉक्टरांनी नंतर सिद्ध केलं, हे मला फार आवडतं.

पण शैला, सुरकुत्यांचा मोठा वाटा वयाचा नाही, उन्हाचा असतो. येळ्ळूरच्या आमच्या मावशीचा हात बघ, जन्मभर भात लावणी केलीय, मनगटाच्या वरची कातडी काळवंडून चामड्यासारखी झालीय आणि दंडाची आतली बाजू अजून पोरीसारखी मऊ आहे, वय तर दोन्हीचं एकच की. 2012 साली एका अमेरिकन ट्रक ड्रायव्हरचा फोटो डॉक्टरांच्या मासिकात आला होता, 28 वर्षं गाडी चालवून खिडकीकडचा डावा गाल पार लोंबलेला आणि उजवा तसा बरा. उन्हातले यूव्हीए किरण काचेतूनही येतात आणि कातडीला घट्ट धरून ठेवणारं कोलॅजन तोडतात म्हणून. आपल्याकडं स्टिअरिंग उजवीकडं, तर एसटीच्या ड्रायव्हरांचा उजवा गाल बघ कधीतरी. ऑस्ट्रेलियात 900 च्या वर लोकांवर साडेचार वर्षं बघितलं, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची कातडी 24 टक्के कमी म्हातारी झाली. म्हणून तू महागड्या अँटी-एजिंग डब्या सोड, एसपीएफ 30 चं साधं सनस्क्रीन सकाळी लाव, ढग असले तरी.

प्राचीची ट्यूब मात्र मनानं एकदम बंद करू नका, बरेच दिवस लावली असेल तर स्किनच्या डॉक्टरला दाखवूनच. शनिवारी घेऊन ये, मी सोबत येते. ते बहुतेक ॲडापलीन जेल देतील, तेही रेटिनॉइडच, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, नुसत्या पुळीवर टिपके नाहीत. पहिले काही आठवडे साल निघेल, जरा जास्तही उठेल, पोरगी रडेल, तेव्हा तू खंबीर राहा, कारण खरा गुण 12 आठवड्यांनी दिसतो आणि बहुतेकजण त्याच्या आधीच सोडतात. सोबत जंतू मारणारं बेंझॉइल पेरॉक्साइड दिलं तर जुना टॉवेल काढून ठेव, चांगल्याचा रंग उडतो.

आणि हो, धाकट्या जावेला दिवस गेलेत म्हणालीस ना, ती जेल एकाच कपाटात राहील, तिनं चुकूनसुद्धा लावायची नाही, रेटिनॉइड गरोदरपणात टाळायचं असतं, आजच सांगून ठेव.

तुझी,
मंगल