कथाकथन सोडून कीर्तनाकडे

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय कुमुद,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "अगं, लोक अजून तुला कथाकथनाला बोलावतात, नाव झालंय, मग या वयात हा नवा उद्योग कशाला?" तुझ्या आवाजात काळजी होती. फोनवर धड बोलणं होईना, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे.

कथाकथनाचे कार्यक्रम आता घेत नाही. मंडळांना तसं कळवून टाकलं. नारदीय कीर्तन शिकते आहे. पुढच्या रामनवमीला उभं राहायचं, असं मनाशी ठरवलं आहे.

कारण सांगते. माडगूळकर, शंकर पाटील, मिरासदार या तिघांनी कथाकथन गावोगाव नेलं आणि तोच वारसा मी इकडे भोपाळ, जबलपूर, इंदूरपर्यंत चालवला. हशाच्या जागा मला तोंडपाठ. कुठे थांबायचं, कुठे नुसतं बघायचं, सगळं अंगात मुरलेलं. पण गेली काही वर्षं सभागृहात दोन हशे यायला लागले. पहिला पुढच्या रांगांमधल्या पिकल्या केसांचा. मग कुजबुज. आजी नातवाला हिंदीत समजावते आहे, सासू सुनेला. आणि मी पुढच्या वाक्याला हात घातला की मागून दुसरा हशा, उशिराचा. एकदा पहिल्याच रांगेतल्या मुलाने मोठ्याने विचारलं, "आजी, ये मोट क्या होती है?" कुणी रागावलं नाही, मीही नाही. विहिरीवरची मोट त्याने बघितलेली नाही, त्याच्या आईनेही नाही. त्या गोष्टींमधलं गाव पश्चिम महाराष्ट्रातलं, आणि आम्ही इथे दौलतराव शिंद्यांची छावणी पडली त्या 1810 पासूनचे. लष्कर हे नावच त्या छावणीचं. घरात मराठी आहे, पण ती "मी चालली जाते"वाली. त्या मुलाला मी परकी वाटू नये, एवढीच माझी इच्छा आहे गं.

लिहिलेल्या कथेत मला शब्द बदलता येत नाही. बदलूच नये, तो लेखकाचा आहे. कीर्तनात तसं नाही. निरूपणाचं गद्य माझं, समोर कोण बसलंय ते बघून मला ते वळवता येतं, अर्धं हिंदीत सांगता येतं. पद्य मात्र मराठीच राहतं: अभंग, ओवी, आर्या, साकी, दिंडी. ते गायलं जातं आणि चाल कानात बसली की शब्द आपोआप मागून येतात. पूर्वरंगात एक अभंग धरून विचार सोडवायचा, मध्ये भजन, मग उत्तररंगात आख्यान. बहुभाषी गावात मराठी टिकवायला यापेक्षा चांगली रचना मला तरी माहीत नाही.

आपल्याकडे ढोलीबुवांच्या गादीने हेच केलं ना? तानसेन समारोहाच्या दिवशी सकाळी हजीऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी ढोलीबुवा महाराज हरिकथा करतात, ती हिंदीतून, आणि त्याच जागी मिलादही होतो. 2024 मध्ये तो समारोह शंभरावा झाला. लहानपणापासून ती हरिकथा ऐकत आलो, पण ती कशी बांधलेली असते याकडे मी आता लक्ष देऊन बघते. मराठी मुशीतली कथा हिंदी श्रोत्यांसमोर इतक्या सहज उभी राहते, हे बघून माझी हिंमत वाढली.

शिकणं सोपं नाही. गुरुजी पेटीवर बसतात आणि गद्य चालू असताना नुसता षड्ज धरून ठेवतात. बोलता बोलता पट्टी सोडायची नाही, हा त्यांचा पहिला धडा. मी पट्टीतून खाली घसरले की ते काही बोलत नाहीत, भाता थांबवतात. सूर बंद पडला की मला कळतं. कथाकथनात आवाज पाडून नाट्य उभं करायची सवय हाडीमाशी भिनलेली, आणि इथे नेमकं तिथेच अडतं, कारण पुढची साकी त्याच सुरातून उचलायची असते. पेटीवरची काळी चारची पट्टी कधीच गेली, आता काळी दोनवर गाते. दम कमी पडतो. तासभर उभं राहिलं की गुडघे बोलतात. पण ज्या दिवशी गद्याच्या शेवटच्या शब्दावरून साकी बरोबर समेवर पडली, त्या दिवशी मी घरी येऊन देवापाशी साखर ठेवली.

आख्यान कोणतं घेणार, असं तू विचारशीलच. राणी लक्ष्मीबाई. ध्रुव, प्रल्हाद, अहिल्या सगळं शिकेनच, पण डॉ. पटवर्धनबुवांनी राष्ट्रीय कीर्तनाचा, म्हणजे देशासाठी लढलेल्यांच्या कथा कीर्तनात सांगण्याचा, मार्ग घालून दिला, त्या वाटेने जावंसं वाटतं. आणि ही कथा आमच्या पायाखालची आहे. 1858 च्या जूनमध्ये राणी इथे पडली, बाबा गंगादासांच्या शाळेत तिला अग्नी दिला, फूलबागेतली समाधी आपण शाळेच्या सहलीत बघितलेली. मुलं रोज त्या समाधीवरून स्कूटरने जातात. वरसईचे विष्णुभट गोडसे वेढ्याच्या काळात झाशीत होते आणि जे बघितलं ते त्यांनी मराठीत लिहून ठेवलं, ते पुन्हा वाचायला घेतलं आहे. मोरोपंत तांब्यांची मनू, काशीत जन्मलेली, बिठूरला पेशव्यांच्या घरी वाढलेली, झाशीत नांदलेली. महाराष्ट्राबाहेर सगळं आयुष्य काढलेली मराठी बाई. तिची गोष्ट सांगताना इथल्या मुलांना तळटीप लागणार नाही.

साकी मीच रचली आहे. सोळा आणि बारा मात्रा, धुमाळीच्या ठेक्यात बसते:

वेढा पडला झाशीभवती, तोफा आगी वमती
पाठिस बांधुनि बाळ निघाली राणी घोड्यावरती

गुरुजींनी "वमती" शब्द ठेवला, म्हणाले कवी मोरोपंतांच्या वळणाचा आहे, राहू दे. बाळाला पाठीशी बांधल्याची कथा लोकांत चालत आलेली आहे, म्हणून गद्यात "असं सांगतात" हे शब्द मी आवर्जून घालते. आख्यानात रंग भरावा, पण इतिहासाला धक्का लागू नये, याबाबतीत मी हट्टी आहे.

बिदागीचं म्हणशील, तर कथाकथनाचं मानधन जास्त होतं. ह्यांची पेन्शन आहे, भागतं. नावाचं तू म्हणालीस त्यावर मी खूप विचार केला. मला ओळखणारे पुढच्या रांगांमध्ये आहेत आणि त्यांचं प्रेम मला आयुष्यभर पुरेल. आता मला मागच्या रांगा हव्या आहेत, कुमुद. तिथली मुलं घरी जाताना एक ओळ गुणगुणत गेली पाहिजेत. त्यासाठी वय झालेलं असणं बरंच आहे असं वाटतं, कारण आजी गोष्ट सांगते म्हटल्यावर ती बसतात तरी.

आता तुझ्याकडे एक काम आहे. तुझ्या आत्या कीर्तन करायच्या, त्यांच्या आख्यानांच्या वह्या तू पुण्याला नेल्या होत्यास. त्या माळ्यावरून काढ. कुरिअरवर माझा भरवसा नाही, तेव्हा पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठव, क्रमाने. समासात बारीक अक्षरात चालींची नावं लिहिलेली असतील, ती कापली जाऊ देऊ नकोस. दिंडीच्या चाली मला फार कमी येतात, आणि आत्यांना कितीतरी येत होत्या. एखादी तुला गाऊन आठवत असेल, तर रेकॉर्ड करून पाठव. आवाज कसाही असू दे.

डिसेंबरात ये. हजीऱ्याला सकाळी लवकर जावं लागतं, स्वेटर आण.

तुझी,
नली