बाळ पायाळू आहे

कोथरूड, पुणे
रविवार, रात्री

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर आई नुसती रडते आणि बाबा, तुम्ही "हं, हं" करून फोन पुन्हा तिच्याकडेच देता. म्हणून लिहायला बसले.

सिझर गुरुवारी. हृदयामुळे नाही हं, माझ्यासारख्यांचंही शक्यतो नॉर्मलच बघतात. बाळ पायाळू आहे आणि फिरायचं नाव घेत नाही, म्हणून.

भूल देणाऱ्या मॅडम काल तासभर बसल्या. जुनी फाईल चाळून पहिला प्रश्न काय, तर "हृदयाच्या ऑपरेशनच्या आधी, लहानपणी दमलीस की उकिडवी बसायचीस का?" आई, गणपती घाटाच्या पायऱ्या आठवतात? ओठ निळे पडायचे आणि मी मध्येच उकिडवी बसायचे. आजी म्हणायची, पोरगी नखरे करते. नखरे कसले, शरीराला आपसूक सुचलेला उपाय होता तो! गुडघे दुमडले की पायांतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, बीपी वाढतं, आणि हृदयातल्या भोकातून पलीकडे पळणारं निळं रक्त फुप्फुसांकडे वळतं.

कमरेतल्या भुलेच्या एका इंजेक्शनने याच्या बरोबर उलटं होतं. रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी धाडकन खाली. ऑपरेशननंतरही माझं बारीकसं भोक अजून राहिलंय, तेव्हा मला असं एकदम नको. पाठीत नळी घालून एपिड्युरलचं औषध थोडं थोडं चढवतील. मनगटाच्या धमनीत सुई, म्हणजे ठोक्याठोक्याला बीपी दिसेल. सलाइनच्या नळीत हवेचा बुडबुडासुद्धा राहू द्यायचा नाही, तो भोकातून मेंदूपर्यंत जाऊ शकतो. मी जागीच असेन. बाळाचं रडणं ऐकू येईल.

खरी कसोटी त्यानंतर. गरोदरपणी अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. बाळ बाहेर आलं की गर्भाशय आवळतं आणि अर्ध्या लिटरपर्यंत रक्त एकदम हृदयाकडे येतं. म्हणून गर्भाशय आवळायचं औषधही सावकाश, आणि पुढचे एक-दोन दिवस मी आयसीयूत. नळ्या बघून घाबरू नका, ते ठरलेलंच आहे.

धोका नाही, असं मॅडम म्हणाल्या नाहीत. मला त्यांचं तेच पटलं.

बुधवारी दुपारच्या एसटीने या, मंदार स्वारगेटला येईल. डिंकाचे लाडू आण, तूप बेताने घाल. आणि बाबा, कमरेत उसण भरली म्हणता ना? पायाळूची लाथ बसली की उसण जाते, हे तुम्हीच सांगायचात. थोडे दिवस कळ काढा, सोय होते आहे.

तुमची,
चिमी