मानेवरची सुई आणि तिची दिशा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अवघडलेली मान आणि डोकेदुखी यांवर ‘फेंगची’ या ॲक्युपंक्चर बिंदूचा उपयोग सांगणारा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. लेख चांगला आहे; मात्र हा बिंदू बोटाने दाबणे आणि त्यात सुई टोचणे या दोन गोष्टी त्यात एकाच दमात सांगितल्या आहेत, म्हणून हे पत्र.

कानामागून तिरका उतरणारा स्नायू आणि मानेमागचा पसरट स्नायू यांच्यामध्ये, कवटीच्या मागच्या हाडाखाली जो खळगा दोन्ही बाजूंना हाताला लागतो, तिथे हा बिंदू असतो. जागतिक आरोग्य संघटनेने जागा निश्चित केलेल्या ३६१ बिंदूंपैकी तो पित्ताशयवाहिनीवरचा, म्हणजे चिनी वैद्यकाने मानलेल्या ऊर्जामार्गांपैकी एकावरचा, विसावा बिंदू. नावाचा अर्थ ‘वाऱ्याचे तळे’. बाहेरचा वारा मानेतून शरीरात शिरतो आणि सर्दी, डोकेदुखी, चक्कर घेऊन येतो, ही चिनी वैद्यकाची धारणा. थंडीत कानाला रुमाल बांधायला लावणाऱ्या माझ्या आजीला ती मुळीच परकी वाटली नसती.

पण याच खळग्याच्या आत, खोलवर, ज्यावर आपला श्वास अवलंबून असतो ती लंबमज्जा (मेंदूचा सर्वांत खालचा भाग) आहे आणि मेंदूला रक्त पुरवणारी धमनीही जवळूनच जाते. म्हणून सुई नाकाच्या शेंड्याच्या रोखाने आणि साधारण रुग्णाच्या स्वतःच्या अंगठ्याच्या रुंदीइतकीच आत घालायची असते.

गेल्या हिवाळ्यात आईची मान धरली म्हणून तिला एका मोफत शिबिरात नेले होते. तिथल्या तरुणाने सुई सरळ वर, कवटीच्या दिशेने रोखली. कुठे शिकलात, असे विचारले तेव्हा ‘दोन रविवारांचा वर्ग केला आहे’ असे उत्तर मिळाले. मी आईला तशीच उठवून आणली. पुढे ज्या नोंदणीकृत चिकित्सक बाईंकडे गेलो, त्यांनी आईला उशीवर कपाळ टेकायला लावले, बोटाने खळगा चाचपला, तिचा अंगठा सुईशेजारी धरून माप पाहिले आणि मगच सुई उचलली.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. त्यामुळे बोटाने हलके दाबणे घरी करता येईल, सुई मात्र नोंदणी पाहिल्याशिवाय मानेला लावू देऊ नये, एवढी चौकट पुढच्या पुरवणीत ठळक छापावी, ही विनंती.

आपली एक नियमित वाचक,
सोलापूर