तेल आट्यांनी अडत नाही: कराडच्या मिस्त्रीकाकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

माझ्या स्प्लेंडरच्या चेंबरचे, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागाचे, गेलेले आटे तुम्ही नीट करून दिलेत, त्याची मजुरी घेतलीत, म्हणजे व्यवहार पुरा झाला असं तुम्ही म्हणाल. पण त्यानंतर मला शेजारी बसवून इंजिनचं ऑइल कसं बदलायचं आणि ऑइल सोडायचा तळाचा ड्रेन नट कसा बसवायचा हे तुम्ही अगदी बारकाईनं शिकवलंत. त्याचे पैसे तुम्ही धरलेच नाहीत. त्या शिकवण्याचे आभार तोंडावर मानायला गेलो तर तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितो आहे.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. पशुधन पर्यवेक्षक म्हणून पाटण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर फिरायचं, मागे कृत्रिम रेतनाचं वीर्य गोठवून ठेवणारा द्रवरूप नायट्रोजनचा जार बांधलेला. गाय माजावर आल्याचा फोन आला की वेळेत पोचावंच लागतं. ती वेळ हुकली तर पुढचा माज साधारण २१ दिवसांनी, आणि तेवढे दिवस शेतकऱ्याचा खुराक फुकट जातो. अशा गाडीखाली तेल ठिबकायला लागलं तर जीव किती टांगणीला लागतो ते सांगायला नको. त्यात खालून उडालेलं तेल मागच्या टायरला लागलं की वळणावर काय होईल, याचा विचारही नको वाटायचा.

तुमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका गॅरेजात ऑइल बदललं होतं. तिथं नट तिरका धरून तिरकाच फिरवला गेला आणि अडला तेव्हा पान्याला पाइप लावला गेला. ठिबकायला लागल्यावर मी परत गेलो, तर त्याच नटाला आणखी पीळ बसला. चेंबर ॲल्युमिनियमचं, नट पोलादी. दोघांच्या भांडणात कोण हरणार हे ठरलेलं. तुम्ही नट काढलात तेव्हा त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली निघाली. ती माझ्या तळहातावर ठेवून तुम्ही म्हणालात, "हे बघ, हा तुझ्या चेंबरचा आटा."

मग तुम्ही जे सांगितलंत ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तेल आट्यांनी अडत नाही, वॉशरनं अडतं. आट्यांचं काम फक्त वॉशर दाबून धरायचं. नटाचं डोकं आणि चेंबरची बैठक यांच्यामध्ये तो मऊ वॉशर चेपला जातो, बारीकसारीक खळगे भरून काढतो, आणि तेलाची वाट बंद होते. म्हणून नट ठिबकत असेल तर आधी वॉशर बघायचा, बैठकीवर कचरा आहे का ते बघायचं. आणखी आवळणं हा त्यावरचा इलाज नव्हे. एकदा चेपलेला वॉशर दुसऱ्यांदा तसा चेपत नाही, म्हणून दर वेळी नवा. आणि जुना वॉशर बैठकीला चिकटून वर राहिला आहे का, तेही बोट फिरवून बघायचं, नाहीतर एकावर एक दोन बसतात. इतकी सरळ गोष्ट, पण हीच कळली नाही म्हणून माझं चेंबर गेलं होतं.

गेलेल्या आट्यांच्या जागी नवे आटे देणारी कॉइल बसवताना तुम्ही जराही घाई केली नाहीत. आटे पाडायच्या टॅपच्या खाचांत ग्रीस भरलंत, म्हणजे कातरलेला कीस आत पडण्याऐवजी ग्रीसला चिकटेल. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. टॅप बाहेर काढून पुसलात, पुन्हा ग्रीस, पुन्हा आत. स्टेनलेसची ती स्प्रिंगसारखी कॉइल तोंडापासून थोडी आत बसवलीत, म्हणजे ती वॉशरच्या बैठकीत येणार नाही. कॉइल फिरवायला धरायची तिची शेपटी मोडून चिमट्यानं बाहेर काढलीत. शेवटी वरून थोडं स्वच्छ ऑइल ओतून ते खालून वाहू दिलंत, राहिलासाहिला कीस धुऊन निघावा म्हणून. ते ऑइल वाया गेलं असं मला वाटलं, तेव्हा तुम्ही नुसते माझ्याकडे बघून हसलात.

आणि मग तो ताणकाटा! हे मी गावोगाव सांगतो. तुम्ही म्हणालात, बारा मिलिमीटरच्या अशा नटाला २५ न्यूटन-मीटरच्या आसपास जोर पुरतो, नेमका आकडा त्या त्या गाडीच्या मॅन्युअलात असतो. हा जोर मोजणारा टॉर्क पाना तुमच्याकडे होता, पण माझ्याकडे नाही हे ओळखून तुम्ही धान्य तोलायचा स्प्रिंगचा काटा आणलात. पान्याच्या टोकाला, नटाच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर तो अडकवलात आणि मला काटकोनात ओढायला लावलंत. काटा साडेबारा-तेरा किलोवर आला तसे म्हणालात, "बस." एवढंच? मनगटाला तो जोर जाणवलाही नाही. त्याच पान्याला पाइप लावून तो ६० सेंटिमीटरचा केला तर तेवढ्याच ओढीत नटावर तिप्पट जोर येतो, हे तुम्ही मला तिथंच हिशेब करून दाखवलंत. माझं चेंबर कसं गेलं ते त्या आकड्यांत स्वच्छ दिसलं.

तेव्हापासून ऑइल मी घरीच बदलतो, तुमच्या पद्धतीनं. इंजिन थोडं चालवून गरम करायचं, म्हणजे तळाचा गाळ तेलात मिसळून बाहेर येतो. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर. नट सैल करायला रिंग पाना, शेवटचे फेरे बोटांनी. पडणाऱ्या तेलाचा रंग बघायचा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. नट लावताना आधी उलटा फिरवायचा, आट्याला आटा भेटला की बोटाला बारीक टक् लागतं, मग सुलट. वॉशर टेकेपर्यंत नट बोटांनीच गेला पाहिजे. नाही गेला तर काढून पुन्हा. नवं ऑइल १० डब्ल्यू ३०, डब्यावर जासो एमए ही दुचाकीच्या तेलाची खूण बघूनच, कारण या गाडीचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि कारच्या काही तेलांनी तो घसरतो. डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी बघायची. हे शेवटचं तर भल्याभल्यांना माहीत नसतं.

भावाच्या गाडीच्या डिस्क ब्रेकचं तेलही तुम्ही त्याच जिव्हाळ्यानं समजावलंत. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ताजं असताना २३० अंशांच्या वर उकळतं, पाणी शोषल्यावर तीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. कुंभार्ली घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून डिस्कला चिमटीत धरणारं कॅलिपर तापलं, की आत बुडबुडे होतात आणि लिव्हर पोकळ लागतो. भाऊ रोज चिपळूणला जातो. तुम्ही त्याला दर दोन वर्षांनी तेल बदलायचं बजावलंत, आणि पाइपच्या बोल्टला दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर घालायला सांगितलंत. वहिनी तुमचं नाव घेते ते उगीच नव्हे.

आपली विद्या गिऱ्हाइकाला दिली तर गिऱ्हाईक तुटेल, अशी भीती धंद्यात बहुतेकांना असते. तुम्हाला ती का नाही, हे मी विचारलं नाही. पण तुमच्याकडे काम शिकणारी पोरं पाना हातात घेण्याआधी नट बोटांनी फिरवून बघतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यातलं एक पोरगं आता ढेबेवाडीच्या रस्त्यावर स्वतःचं गॅरेज चालवतं. मी त्याच्याकडे बिनधास्त गाडी सोपवतो.

आता एक तुमच्याच उपयोगाचं सांगतो. जळकं ऑइल तुम्ही ड्रममध्ये साठवून रीसायकलवाल्याला देता, ते मी इकडच्या गावांत सांगायला लागलो आहे. खरूज झाली म्हणून जनावराला जळकं ऑइल चोळलेलं मला अजून सापडतं, आणि जनावर अंग चाटतं तेव्हा ते पोटात जातं. म्हणून मी गोठ्यातले डबे गोळा करून आणतो आहे. येत्या बाजाराच्या दिवशी एक कॅन घेऊन येईन. ड्रममध्ये जागा ठेवा, आणि वेळ असेल तर पुढच्या शॉकअपचं ऑइलही त्याच वेळी बघू. त्याची मजुरी मात्र पुरी घ्यायची.

तुमचा ऋणी,
पाटण खोऱ्यातला पशुधन पर्यवेक्षक